भोवऱ्याचे प्रवाह आणि खोडदच्या तबकड्या

भोसरीहून नाशिकच्या रस्त्याला लागलो, की चाकण मागे पडते आणि पुढे नारायणगावाजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तबकड्या दिसू लागतात. या दोन्ही ठिकाणी निसर्गाचा एकच नियम राबतो. कारखान्यात तो चाकर आहे, दुर्बिणीत चोर. त्याची हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

1824 च्या सुमारास पॅरिसमध्ये आरागोला आढळले, की तांब्याची चकती फिरविली असता वर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते. 1831 साली फॅरडेने उलगडा केला: बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे धातूच्या अंगात विजेचे भोवरे उठतात. 1855 साली फूकोने दाखविले, की या भोवऱ्यांनी चकती तापते. मोटारींच्या पोलादी दांड्यांना वरून टणकपणा आणतात तो याच उष्णतेने. भोवती तांब्याचे वेटोळे. दांड्याची साल लालबुंद होते, गाभा चिवट राहतो.

सालच का? झपाट्याने उलटसुलट होणाऱ्या प्रवाहाला त्याचेच भोवरे पृष्ठभागाकडे रेटतात. 1885-86 मध्ये हेविसाइड व ह्यूज यांनी हे पुढे आणले. सेकंदाला 50 आवर्तने असता तांब्यात सुमारे 9 मिलिमीटर शिरणारा प्रवाह 10 लाख आवर्तनांना मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्श्यातच अडकतो. तार जाड, पण कामाची फक्त साल! रोध वाढतो, वेटोळ्यात शेजारचे वेढे त्यात भर घालतात.

आणि रोध नुसता तापत नाही, तो खरखरतोही. 1928 साली जॉन्सनने मोजून आणि नायक्विस्टने गणिताने दाखविले, की बाहेरून प्रवाह सोडला नसतानाही प्रत्येक रोध आपल्या उष्णतेमुळे विजेची खरखर करतो. (दोघेही जन्माने स्वीडिश, हा योगायोग.) रोध चौपट झाला, की खरखरीचा दाब दुप्पट. घरच्या पंख्याला त्याचे काय! पण डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या खोडदच्या 30 तबकड्या दूरच्या आकाशगंगांची अतिक्षीण कुजबुज ऐकतात. पहिल्या प्रवर्धकाच्या आधीच वेटोळ्यात खरखर मिसळली, तर पुढे कुजबुजीबरोबर तीही वाढत जाते. दळणात खडा गेल्यावर पीठ चाळून काय होणार?

लाखभर आवर्तनांपर्यंत बारीक, वेगवेगळ्या वेष्टित तारांची वेणी उपयोगी पडते. खोडदच्या कोट्यवधी आवर्तनांना ती लागू नाही. अशा वेळी तारेवर चांदीचा मुलामा देतात, कारण प्रवाह सालीतूनच जावयाचा असतो. प्रवर्धकही खाली खोलीत न ठेवता तबकडीच्या नाभीपाशी, उंचावर बसविलेले आहेत.