पृथ्वीगीत (ये श्याओगांग)

सोप्रानो, बॅरिटोन आणि वाद्यवृंद यांसाठीची चिनी रचना (२००४–०५), रचनाक्रमांक ४७. चिनी नाव ‘दादी जृ ग’. संगीतकार ये श्याओगांग (जन्म १९५५, शांघाय). वाद्यवृंदसंचालक यू लोंग यांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. गायन चिनी भाषेत. काव्य थांग राजवटीतील (६१८–९०७).

काव्यसंहिता : रचनेचा उगम गुस्टाफ मालर यांच्या याच नावाच्या कृतीत (१९०८–०९) आहे. मालर यांनी गीते घेतली ती हान्स बेट्गे यांच्या ‘चिनी बासरी’ (१९०७) या जर्मन संग्रहातून. बेट्गे यांना चिनी येत नव्हते. त्यांची मुख्य भिस्त हान्स हाइलमान यांच्या जर्मन भाषांतरावर (१९०५), आणि हाइलमान यांची एर्वे-सँ-दनी (१८६२) व ज्युदित गोतिए (१८६७) यांच्या फ्रेंच पुस्तकांवर. पैकी गोतिएबाईंनी मुळात पदरचे बरेच घातलेले. पुढे मालर यांनीही ओळी बदलल्या, वाढवल्या. अखेरच्या भागात तर मंग हाओरान आणि वांग वै यांच्या दोन कविता एकत्र सांधल्या. एवढ्या हातांतून गेल्यावर काही गीतांचा मूळ कवी ठरवणेच अवघड झाले. मालरकृतीतील दुसरे गीत बहुधा छ्येन छी यांचे व तिसरे ली बाय यांचे, असे मानतात; मतभेद आहेत.

ये यांनी जर्मन मजकूर बाजूला ठेवून थेट थांगकालीन कविता स्वरबद्ध केल्या. मालरकृतीच्या शेवटच्या, सर्वांत प्रसिद्ध ओळी खुद्द मालर यांच्या आहेत. थांग काव्यात त्यांना मूळ नाही, त्यामुळे ये यांच्या रचनेत त्यांना जागाच उरत नाही. दोन्ही कृतींतला खरा फरक इथे आहे. तो केवळ भाषेचा नव्हे.

संगीत : दोन एकल आवाज, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला चिनी तालवाद्यांची जोड.

संगीतकार : सांस्कृतिक क्रांतीनंतर पुन्हा सुरू झालेल्या बीजिंगच्या केंद्रीय संगीत महाविद्यालयात ये यांनी १९७८ पासून शिक्षण घेतले. थान दुन, ग्वो वनजिंग, छन छीगांग हे त्यांचे समकालीन विद्यार्थी. पुढील शिक्षण अमेरिकेतील ईस्टमन संगीत विद्यालयात. बीजिंग ऑलिंपिकच्या (२००८) उद्घाटनात लांग लांग यांनी वाजवलेली पियानोरचना ये यांचीच.

ध्वनिमुद्रण : शांघाय सिंफनी ऑर्केस्ट्रा, संचालक यू लोंग, गायक जांग लीपिंग व शन यांग (डॉइच ग्रामोफोन, २०२१). याच संचात मालर यांची कृतीही आहे. तुलनेची सोय झाली खरी, पण ये यांची रचना मालरची पुरवणी म्हणून ऐकली जाण्याचा धोकाही त्यामुळे वाढला.