मका, चुना आणि हातांची कातडी

१९७२ च्या दुष्काळात मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात नवाच शिक्षक होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळवंडलेले, खरखरीत, भेगा पडलेले. गळ्याभोवतीही तसाच पट्टा. मी त्याला दोनदा हात धुवायला पाठवले. "नीट घासून ये," असे दरडावून सांगितले. तो हात सोलून निघेपर्यंत घासून आला, पण काळेपणा काही गेला नाही. मुले हसली. मी त्यांना थांबवले नाही.

निवृत्तीनंतर वाचन वाढले, तेव्हा एका पुस्तकात अगदी तशाच हातांचे चित्र दिसले. खाली नाव होते पेलाग्रा. त्या मुलाला नेमके काय झाले होते हे आता कोण सांगणार? पण त्या दिवसापासून या रोगाचा इतिहास माझ्या मागे लागला आहे. तो आज थोडक्यात सांगतो.

कोलंबसानंतर मका अमेरिकेतून युरोपात आला. पीक भरघोस, भाव स्वस्त. बघता बघता तो स्पेन आणि इटलीतल्या गरिबांचे मुख्य अन्न झाला. १७३५ साली स्पेनमधल्या गास्पार कासाल या वैद्याने तिथल्या शेतकऱ्यांत एक नवा रोग नोंदवला. हातांवर, पायांवर, गळ्याभोवती, म्हणजे जिथे ऊन लागते तिथे कातडी लाल होई, मग काळी पडून सोलून निघे. गळ्याभोवतीच्या त्या पट्ट्याला आजही डॉक्टर 'कासालचा हार' म्हणतात. १७७१ मध्ये इटलीतल्या फ्रापोल्ली या डॉक्टरने तिथल्या बोलीतले 'पेलाग्रा' हे नाव लिहून ठेवले. अर्थ साधा, खरखरीत कातडी. पण रोग कातडीवर थांबत नसे. पुढे जुलाब, मग वेड, आणि शेवटी मृत्यू.

तुम्ही विचाराल, मेक्सिकोतले लोक तर हजारो वर्षे मका खात होते, त्यांना हे का होत नव्हते? उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात होते. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजत ठेवून, मग वाटतात. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेले असते, ते पोटात गेले तरी अंगी लागत नाही. चुन्याने ते मोकळे होते. युरोपने बियाणे नेले, रीत नेली नाही. ज्यांना अडाणी समजले, त्यांच्या चुलीपाशी काही शिकण्यासारखे असेल असे कोणाला वाटलेच नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच रोग अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरला. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना तो झाला आणि सुमारे एक लाख माणसे दगावली असे मानतात. वाट्याने शेती करणारी कुटुंबे मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यांवर दिवस काढत. जमीनमालकाचा कापूस घराच्या उंबऱ्यापर्यंत पेरलेला, भाजीला जागाच नाही.

१९१४ साली सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर नेमले. त्या काळी बहुतेकांना हा जंतूंचा रोग वाटे. गोल्डबर्गर वेड्यांच्या इस्पितळांत आणि अनाथाश्रमांत हिंडले आणि त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. रोग्यांना पेलाग्रा होतो, त्यांच्यातच वावरणाऱ्या नोकरांना होत नाही. जंतू असा भेदभाव कसा करील? मग त्यांनी ताटे पाहिली. अनाथ मुलांना दूध, अंडी, मांस सुरू केले, रोग गेला. उलट १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर ११ कैद्यांना शिक्षामाफीच्या बोलीवर मक्याच्या निकृष्ट आहारावर ठेवले. सहा जणांना रोगाची लक्षणे दिसली.

तरी विरोधक ऐकेनात. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांचे सहकारी आणि त्यांची पत्नी यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. पुरुषांनी तर रोग्यांच्या कातडीचे पापुद्रे गोळ्या करून गिळले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. इतके करूनही दक्षिणेतले पुढारी नाराजच. जंतू निघाला असता तर लस शोधली असती. गरिबी निघाली, तिचे काय करायचे? गोल्डबर्गर १९२९ साली वारले. आहारात नेमके काय कमी पडते, ते १९३७ मध्ये एल्व्हेजेम यांच्या प्रयोगांतून कळले. ते नायसिनच होते. ते कमी पडले की उन्हाने झालेली इजा कातडीला भरून काढता येत नाही.

आता आपल्याकडे येतो. मका न खाणाऱ्या दख्खनमध्येही पेलाग्रा सापडला, तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली यावर लिहिले. ज्वारीतल्या जास्त ल्युसिनमुळे हे होते, असे त्यांचे म्हणणे. त्यावर पुढे मतभेद झाले. मात्र यात ज्वारीला दोष देऊ नये. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाण्याची चटणी असली की काही बिघडत नाही. नुसत्या भाकरीवर महिनोन्‌महिने काढावे लागले की बिघडते.

त्या साली शेतात काही उरले नव्हते. रेशनवर मिलो ही परदेशी तांबडी ज्वारी मिळे. दाणे-डाळ कुठली? त्या मुलाचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही, आणि मीही त्याच्या घरी चौकशीला गेलो नाही.

मी त्याला हात धुतलेस का, एवढेच विचारले. काल काय जेवलास, हे विचारायला हवे होते. असो.