टाकीतल्या दगडावरची दोन नावे

१/ छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या फिशटँकमध्ये काळ्या दगडाला दोऱ्याने बांधलेले, जाड गर्द पानांचे रोप दिसले, तर ते बहुधा ‘अनुबियास बार्टेरी’ असते. शेजारी लहान पानांचे ‘ब्युसेफालँड्रा’. सावकाश वाढणाऱ्या या रोपांच्या नावांत १८५७ ते १८५९ या वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

२/ जून १८५७. निजामाच्या राज्यातील औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात बंडाळी झाली आणि इंग्रज फौजेने ती मोडून काढली. त्याच वर्षी डॉ. बेकी यांची ब्रिटिश मोहीम पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीत शिरली. व्यापार आणि सत्तेसाठी नद्यांचे मार्ग शोधणे हा तिचा हेतू होता.

३/ मोहिमेचा वनस्पतिसंग्राहक होता चार्ल्स बार्टर. ऑक्टोबरमध्ये मोहिमेचे ‘डेस्प्रिंग’ जहाज जेब्बाजवळ खडकांवर आपटून फुटले. तरीही बार्टर नमुने गोळा करीत राहिला. जुलै १८५९ मध्ये नायजरकाठच्या रब्बा येथे त्याचा मृत्यू झाला.

४/ तिकडे बोर्निओत जेम्स मॉटली हा इंग्रज अभियंता कोळशाच्या खाणीवर काम करी आणि फावल्या वेळात वनस्पती जमवी. मे १८५९ च्या आरंभी डच सत्तेविरुद्ध बंजरमासिनचे युद्ध भडकले असता खाणीवर हल्ला झाला. त्यात तो पत्नी व मुलांसह मारला गेला.

५/ या दोघांची नावे रोपांना दिली ती व्हिएन्नाच्या शोनब्रुन उद्यानाचे संचालक हाइनरिख शॉट यांनी. अनुबियास ही प्रजाती त्यांनी १८५७ मध्ये नोंदवली. ते नाव मृतांचा इजिप्शियन देव अनुबिस याच्यावरून. १८५८ मध्ये ‘ब्युसेफालँड्रा मोटलेयाना’, तर १८६० मध्ये ‘अनुबियास बार्टेरी’. मॉटलीला हा मान हयातीत मिळाला, बार्टरला मृत्यूनंतर.

६/ परंतु त्या नदीकाठांवर आणि जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना वनस्पतीच्या नावात जागा मिळाली नाही. साम्राज्याच्या काळात एखादे रोप ‘शोधले’ जाणे म्हणजे पुष्कळदा ते युरोपच्या नोंदवहीत दाखल होणे एवढेच असे.

७/ त्या जंगलांची खूण मात्र रोपाच्या सवयीत टिकून आहे. ओढ्याकाठच्या खडकाला वा लाकडाला बिलगून ते वाढते. म्हणून त्याचे आडवे, जाड खोड, म्हणजे राइझोम, वाळूत पुरायचे नसते. पुरले तर ते कुजते. मुळे दगडाला धरेपर्यंत दोऱ्याने हलके बांधावे. त्याला मंद प्रकाश पुरतो. तीव्र प्रकाशात सावकाश वाढणाऱ्या पानांवर शेवाळ चढते.

८/ येथे दख्खनचा भूगोल साहाय्याला येतो. परिसरात विपुल मिळणारा काळा बसाल्ट पाण्याचा जडपणा वाढवीत नाही. संगमरवर आणि चुनखडी वाढवितात. अनुबियास काहीसे जड पाणीही सोसते. उन्हाळ्यात तेवढी टाकी सावलीत ठेवावी.

९/ पश्चिम आफ्रिकेचे रोप अशा रीतीने दख्खनच्या दगडावर रुजते. त्याच्या नावात एका संग्राहकाचा अंत आहे, आणि ज्यांची नावे कोणी विचारलीच नाहीत, अशा माणसांची अनुपस्थितीही.