पागाचं शिसं आणि उतारावरची गाडी

आजचा भाग सुरू होतो तारकर्लीत, आमच्या घरासमोरच्या खळ्यात. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेला माझा भाचा, वय वर्षे नऊ, पिशवीतून लाकडाचा एक ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं आणि चार खिळे काढतो आणि जाहीर करतो, "आजो, याची गाडी करायची. शर्यत आहे."

गाडीला इंजिन नाही, चावी नाही. उतारावर सोडायची, पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. आता तारकर्लीत उतार कुठून आणणार? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये वाळू आणि माड. बेअरिंगच्या गाड्या घेऊन आम्ही लहानपणी पार कुंभारमाठच्या उतारावर जायचो, आणि गुडघे फोडून यायचो. शेवटी ओट्याला फळी लावली.

या खेळाचा इतिहास मात्र मजेशीर आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या डेटन गावात मायरन स्कॉट नावाच्या वृत्तपत्र छायाचित्रकाराला काही मुलं खोक्यांच्या गाड्यांत बसून उतारावर शर्यत लावताना दिसली. त्यातून पुढच्याच वर्षी 'सोप बॉक्स डर्बी' उभी राहिली. त्यात मुलगा स्वतः गाडीत बसायचा, म्हणून वयाची अट होती. वीस वर्षांनी कॅलिफोर्नियात डॉन मर्फी यांचा दहा वर्षांचा मुलगा त्या अटीत बसेना. मर्फी विमानांच्या कारखान्यात नोकरीला होते आणि कब स्काउटांचं एक पथक चालवायचे. त्यांनी विचार केला, मुलगा गाडीत बसू शकत नाही तर गाडीच लहान करू. १५ मे १९५३ला मॅनहॅटन बीच इथं पहिली 'पाइनवुड डर्बी' झाली. प्रत्येक मुलाला कागदी पिशवीत लाकूड, चाकं, खिळे दिलेले. कोण जिंकलं ते कळावं म्हणून दाराच्या घंटीचे भाग वापरून यंत्रणा केलेली! आज त्या खेळाचा नियम आहे: गाडी पाच औंसांच्या, म्हणजे सुमारे १४१ ग्रॅमच्या वर जाता कामा नये.

इथंच आमचं घोडं अडलं. तासून, घासून झाल्यावर गाडी मालवणच्या बाजारात एका सोनाराच्या काट्यावर ठेवली. चाकांसकट ५८ ग्रॅम. सोनार हसला, भाच्याचं तोंड उतरलं.

आता तुम्ही म्हणाल, वजन वाढवून काय होणार? गॅलिलिओने लाकडी तुळईच्या खोबणीतून काशाचा गोळा सोडून घसरणीचा वेग मोजला, १६३८च्या पुस्तकात तो प्रयोग लिहिलाय. जड-हलकं सगळं सारख्याच वेगानं खाली येतं, हे आपण शाळेत त्याच्याच नावावर शिकलो. बरोबर, पण हवा नसेल तर! हवेचा अडथळा गाडीच्या आकारावर ठरतो, वजनावर नाही. तेवढाच अडथळा जड गाडीला कमी मागे ओढतो. शिवाय थोडी ताकद चाकं फिरवण्यात जाते. चाकं तीच राहिली आणि गाडी जड झाली, की तो खर्चही प्रमाणात कमी होतो. म्हणून सगळे १४१ला टेकायला बघतात.

बाबांनी पडवीतला जुना पाग खाली काढला. गुडघे गेल्यापासून खाडीत पाग टाकणं बंदच आहे, पण दर पावसाळ्यानंतर ते तो झटकून परत टांगतात. पागाच्या कडेला शिशाचे मणी असतात, त्यामुळेच तो पसरून तळाला बसतो. बाबांनी सुरी घेतली आणि एक एक मणी कापून भाच्याच्या हातावर ठेवला. आईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

गाडीला खाली भोकं पाडून शिसं बसवायचं होतं. (वितळवायचं नाही बरं का, तो धूर विषारी असतो. आणि हात साबणाने धुवायचे.) भाच्याने सगळं पुढे कोंबायला घेतलं. आम्हा सगळ्यांना तेच वाटतं, पुढं जड म्हणजे पुढं पळणार. बाबा म्हणाले, "वजन किती ता नाय, वजन खंय ता बघ."

ज्याची हयात होडीत गेली त्याला हे सांगावं लागत नाही. रिकामं गलबत निघालं की तळाशी दगड, वाळू भरायचे, त्या भाराला जुना शब्द नीरम. तो चुकीच्या जागी पडला तर गलबत कलतं.

गाडीचंही तसंच. उतारावर उभी असताना तिचा मागचा भाग उंच असतो. वजन तिथं ठेवलं, तर ते थोडं जास्त उंचीवरून खाली येतं. उतार सव्वा मीटर उंच धरा. भार पाच सेंटिमीटर मागे सरकवला, तर तीसएक अंशांच्या चढावर तो अडीच सेंटिमीटर वर जातो. वेग वाढतो जेमतेम एक टक्का. पुढच्या आठ मीटर सपाटीवर तेवढ्यात आठ सेंटिमीटरची आघाडी मिळते, म्हणजे जवळपास अर्धी गाडी! पण हाव केली आणि भार मागच्या चाकांच्याही मागे गेला, तर पुढची चाकं उचलतात, गाडी डुलते आणि वेग मरतो. "होडयेत सगळे मागे बसले तर नाळ वर येता," बाबा म्हणाले. मागच्या आखापासून दोन-अडीच सेंटिमीटर पुढे भोकं पाडली. सोनाराकडे दुसरी फेरी: १४० ग्रॅम. फळीवरून सोडलेली गाडी खळं ओलांडून तुळशीला धडकली.

भाचा परत गेला. तिकडून व्हिडिओ कॉल आला, की त्याच्या पथकात शिसं चालत नाही. काढून टंगस्टन भरलं. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, म्हणजे भोक अर्ध्याहून थोडंच जास्त भरलं. जागा मात्र तीच ठेवली. सोळा गाड्यांत तिसरा आला.

बाबांनी नंबर विचारलाच नाही. फोन कानाला धरून एवढंच म्हणाले, "आणि माझा शिसां खंय ठेवलंस?"

डब्यात ठेवलंय म्हणे. पुढच्या मे महिन्यात परत आणणार आहे.