कानाच्या पाळीपासून

सीलच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याने आधी त्याचा कान पाहावा. डोळ्यामागे बोटाच्या पेराएवढी, सुरळीसारखी पाळी दिसली, तर तो फर सील किंवा त्याचा भाऊबंद सी लायन. नुसते बारीक छिद्र असेल, तर तो खरा सील. कोकण किनाऱ्यावर सील नाहीत, त्यामुळे मराठीत आपण दोघांना एकाच नावाने ओळखतो. प्रत्यक्षात त्यांची जगण्याची रीतच वेगळी आहे.

फर सील मागचे पाय पोटाखाली घेऊन चारी पायांवर चालतो, खडकावरही चढतो. पाण्यात पुढच्या पायांनी वल्ही मारतो. खऱ्या सीलचे मागचे पाय पुढे वळतच नाहीत. जमिनीवर तो पोटावर सरपटतो, पाण्यात मात्र तेच पाय डावी-उजवीकडे हलवत सुळकन निघून जातो. थंडीत त्याला चरबीचा जाड थर तारतो. फर सीलची मदार दाट लोकरीवर; तिच्यात अडकलेली हवा पाण्याला त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही. याच लोकरीपायी दक्षिण जॉर्जिया बेटावरचे फर सील १९व्या शतकात शिकाऱ्यांनी जवळजवळ संपवले होते.

आज त्याच बेटावर दोन्ही रीती पाहता येतात. ऑक्टोबरच्या सुमारास एलिफंट सील या खऱ्या सीलची मादी तेथे विते. सुमारे ३ आठवडे ती घासही खात नाही. अंगातली चरबी दुधावाटे पिलात उतरवते आणि त्याला सोडून समुद्रात निघून जाते. फर सीलची मादी डिसेंबरच्या सुमारास विते. तिच्या अंगावर एवढी शिदोरी नसते. आठवडाभराने ती क्रिल खायला समुद्रात जाते, काही दिवसांनी परतून हाक देते. किनाऱ्यावरच्या कोलाहलात आपल्या पिलाचे उत्तर ओळखते, हुंगून खात्री करते, मगच पाजते. अशा फेऱ्या सुमारे ४ महिने चालतात.

फर सील अस्वलांच्या वंशातले आणि खरे सील पाणमांजरांच्या, असे अनेक अभ्यासक एकेकाळी मानत. जनुकीय पुराव्याने दोघांचा पूर्वज एकच ठरवला. एकाच घरातून निघालेल्या या भावंडांनी समुद्राशी दोन तऱ्हांचा संसार कसा मांडला, हा या अभ्यासाचा गाभा आहे. त्याची उत्तरे हाडांत, दुधात आणि आईच्या त्या हाकेत शोधायची आहेत.