तारुण्याचा अर्क

१ जून १८८९ रोजीं पॅरिसच्या जीवशास्त्रपरिषदेंत ७२ वर्षांचे ब्राऊन-सेकार व्याख्यानास उभे राहिले. कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतल्यापासून गेलेली शक्ति परत आली, आतां जिने धांवत चढतां येतात, असें त्यांनीं सांगितलें. मज्जारज्जूवरील संशोधनानें ख्याति पावलेल्या पुरुषाच्या शब्दावर अविश्वास कोण ठेवणार? कित्येक शास्त्रज्ञ हंसले. लोक मात्र अर्काच्या मागें लागले.

वस्तुतः त्या अर्कांत सामर्थ्य जवळजवळ नव्हतेंच. वृषणांत तयार होणारें द्रव्य तेथें सांठून राहत नाहीं, रक्तांत मिसळतें. शिवाय तें पाण्यांत फारसें विरघळतही नाहीं. वृद्धाला जिने चढविले ते बहुधा त्याच्या श्रद्धेनेंच.

खरा पाया त्यापूर्वीं ४० वर्षें घातला गेला होता. १८४९ सालीं गटिंगेन येथें बर्थोल्ड यांनीं सहा कोंबडे घेतले. वृषण काढलेल्यांचा तुरा सुकला, झुंजण्याची खुमखुमी गेली. ज्यांच्या पोटांत वृषण पुन्हां बसविला, ते पहिल्यासारखेच आरवत राहिले. मूळचे मज्जातंतु तुटूनही हें घडलें, त्या अर्थीं कांहीं तरी रक्तावाटेंच जात असलें पाहिजे! या शोधाकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

१९२० नंतर व्होरोनॉफ यांनीं वानरांच्या वृषणांचे काप धनिकांच्या शरीरांत बसविले. त्याविषयीं अधिक न बोललेलें बरें. काम पुढें नेलें तें रसायनशास्त्रज्ञांनीं. १९३१ सालीं बुटेनांट यांनीं पोलिसांचें १५,००० लिटर मूत्र आटवून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन मिळविलें. शास्त्राला सोंवळें परवडत नाहीं. १९३५ सालीं अॅम्स्टरडॅमला लाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वळूंच्या वृषणांतून मूळ द्रव्य वेगळें काढून त्यास टेस्टोस्टेरोन हें नांव दिलें. त्याच वर्षीं बुटेनांट आणि रुझिच्का यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें. दोघांना १९३९ चें नोबेल पारितोषिक जाहीर झालें, पण हिटलरच्या सरकारनें बुटेनांट यांना तें नाकारावयास लाविलें.

अशा रीतीनें औषध खरें झालें, तरी तें तारुण्याचा अर्क नव्हे. लक्षणें असून सकाळच्या रक्ततपासणींत पुन्हां पुन्हां उणीव आढळली, तरच वैद्य तें देतात. आणि बाहेरून टेस्टोस्टेरोन मिळूं लागलें कीं वृषण आपलें काम आवरतें घेतात, शुक्रजंतु घटतात. म्हणून ज्याला नजीकच्या काळांत अपत्य हवें आहे, त्याला हा उपचार सहसा देत नाहींत.