खेळाडूचा गुडघा आणि समाजाचा हिशेब

२ मे १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ब्लॅकपूल आणि बोल्टन वाँडरर्स या दोन संघांत एफ. ए. कपचा अंतिम सामना झाला. ब्लॅकपूल तीन गोलांस एक असा मागे पडला होता. परंतु अखेरच्या काही मिनिटांत त्याने बाजू उलटवली आणि चारास तीन असा विजय मिळवला. उजव्या कडेने खेळणारा अडतीस वर्षांचा स्टॅन्ली मॅथ्यूज त्या दिवसाचा नायक ठरला. इंग्लंडात हा सामना अद्यापि त्याच्याच नावाने ओळखला जातो.

त्याच सामन्यात बोल्टनचा एरिक बेल हा खेळाडू सुरुवातीसच मांडीच्या मागचा स्नायू दुखावून जायबंदी झाला. बदली खेळाडू घेण्याची मुभा त्या काळी नव्हती. बेल लंगडत लंगडत कडेला खेळत राहिला आणि तशा अवस्थेतही त्याने डोक्याने एक गोल केला. पण बोल्टनची डावी फळी खिळखिळी झाली ती झालीच, आणि मॅथ्यूजचा मारा नेमका त्याच बाजूवर होता. मॅथ्यूजचे कौशल्य आम्ही यत्किंचितही कमी लेखत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वयावर मात करणारा पुरुष लोकांच्या ध्यानात राहतो, जायबंदी झालेला विस्मरणात जातो. आणि म्हणून या व्यवसायाचा जमाखर्च आपण नेहमी अर्धाच वाचतो.

फुटबॉल हा व्यवसाय झाला त्याला आता बराच काळ लोटला. पैसे घेऊन खेळण्यास इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ साली मान्यता दिली. १९०१ पासून खेळाडूच्या वेतनास आठवड्याला चार पौंड अशी कमाल मर्यादा घालण्यात आली. खेळाडू कितीही गुणी असो, कायदेशीर मार्गाने त्याहून अधिक त्याच्या हाती पडावयाचे नाही. एप्रिल १९०७ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा टॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात डोक्याने चेंडू मारल्यानंतर कोसळला आणि मरण पावला. त्याच्या कुटुंबास भरपाई मिळाली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बिली मेरेडिथ आणि त्याचे सहकारी मँचेस्टर शहरी जमले आणि त्यांनी खेळाडूंची संघटना उभी केली. गिरण्यांच्या त्या शहरात कामगार संघटना ही काही नवलाची गोष्ट नव्हती. नवल होते ते खेळाडूने स्वतःस कामगार म्हणवून घेण्याचे.

हाच प्रश्न लवकरच न्यायालयात गेला. क्रिस्टल पॅलेस संघाच्या वॉकर नावाच्या जायबंदी खेळाडूने १९०६ च्या कामगार भरपाई कायद्याखाली दावा लावला. खेळणारा मनुष्य कामगार कसा, असा संघाचा बचाव होता. १९१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निवाड्याचे सार असे की, हौशी माणसाला तो खेळ असेल; ज्याचे पोट त्यावर चालते त्याचे ते कामच होय. आपल्याकडे १९२३ साली जो कामगार भरपाई कायदा झाला, तो याच इंग्रजी कायद्यांच्या वळणावर बेतलेला होता. मुंबईच्या गिरणीत यंत्रावर बोट गमावणारा कामगार आणि चिखलात गुडघा गमावणारा खेळाडू हे कायद्याच्या दृष्टीने एका पंगतीस बसले, ही आम्हांस मोठी अर्थपूर्ण घटना वाटते.

तथापि जखमेची भरपाई निराळी आणि सरलेल्या वयाची निराळी. फुटबॉलपटूचे उमेदीचे आयुष्य फार तर बारापंधरा वर्षांचे. बहुतेकांचे पाय तिशी ओलांडताच मंदावू लागतात. याच वर्षांत त्याने उरलेल्या जन्माची बेगमी करावयाची. पण नेमकी हीच वर्षे संघाच्या मुठीत असत. करार संपला तरी संघ त्याचे नाव आपल्याकडे अडकवून ठेवी, आणि त्यास अन्यत्र खेळता येत नसे. संघटनेच्या लढ्यामुळे जानेवारी १९६१ मध्ये कमाल वेतनाची मर्यादा उठली. ती तेव्हा वीस पौंड होती. जॉर्ज ईस्टहॅमच्या दाव्यात १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही अडकवणूक व्यवसायस्वातंत्र्यास अन्यायाने बाधक ठरवली. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील देशांत खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो मात्र १९९५ साली, बोसमन निर्णयाने.

पैशाची मर्यादा उठली तरी शरीराची मर्यादा उठत नाही, हे ब्रायन क्लफच्या उदाहरणाने लवकरच दिसून आले. २६ डिसेंबर १९६२ रोजी सुंदरलँडच्या मैदानावर, थंडीने गोठलेल्या जमिनीवर, बरी संघाच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि गुडघ्याच्या हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध तुटले. त्याचे वय सत्तावीस होते. १९६४ साली त्याने परतण्याचा प्रयत्न केला. तीन सामने कसेबसे पार पडले आणि एकोणतिसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. लीगच्या २७४ सामन्यांत त्याच्या नावावर २५१ गोल होते. पुढे तो थोर प्रशिक्षक झाला आणि त्याच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७९ व १९८० साली युरोपियन कप जिंकला. म्हणून आपण त्याच्या जखमेची कथा सुखान्त मानतो. परंतु ज्यांना प्रशिक्षकाची बुद्धी वा संधी लाभली नाही, अशांच्या गुडघ्यांचा इतिहास कोण लिहिणार?

इंग्लिश लीगमध्ये जखमी खेळाडूच्या जागी एक बदली घेण्याची मुभा १९६५ च्या ऑगस्टात मिळाली. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीस मॅथ्यूज आपला अखेरचा लीग सामना खेळला. पन्नासावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते! त्याचा बाप न्हावी आणि मुष्टियोद्धा. त्याने लावलेली पहाटेच्या व्यायामाची शिस्त मॅथ्यूजने जन्मभर पाळली, आहारही मोजका ठेवला. हा आदर्श वंदनीय आहे. पण अपवादास नियम मानून, बाकीच्यांनी नीट काळजी घेतली नसेल, असे म्हणणे हा अन्याय होय.

आज शस्त्रक्रियेने क्लफसारखा गुडघा बहुधा दुरुस्त होतो, आणि वर्षभरात खेळाडू परततोही. परंतु काही झीज डोळ्यांना दिसत नाही. डोक्याने गोल करण्यात ख्यातनाम असलेला जेफ ॲसल २००२ साली एकोणसाठाव्या वर्षी स्मृतिभ्रंशाने मरण पावला. मृत्यूच्या चौकशीत हा व्यावसायिक रोग ठरला. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ साली स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची नोंद तपासली. हृदयविकाराने ते इतरांहून कमी मरत. मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनी मात्र सुमारे साडेतीन पट अधिक. चेंडू क्वचितच डोक्यावर घेणाऱ्या गोलरक्षकांत ही वाढ आढळली नाही, असे त्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले.

ब्लॅकस्टॉकपासून ॲसलपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली. खेळाडूच्या शरीराची किंमत लिलावात, करारात, वृत्तपत्रांत रोज ठरते. त्या शरीराच्या झिजेचा खर्च मात्र बहुधा त्याच्या घरी, त्याच्या पत्नीच्या आणि मुलांच्या वाट्याला येतो. जो समाज टाळ्या वाजवून त्या झिजेचा लाभ घेतो, त्याने तिचा वाटाही उचलावा. वॉकरच्या निवाड्यात जे तत्त्व एकदा मान्य झाले, ते म्हातारपणापर्यंत नेण्याचे काम अजून बाकी आहे, असे आम्हांस वाटते.